पाखाडीचे दाते

राजपुरीच्या खाडीचा एक फाटा रायगड जिल्ह्यात बराच आत शिरतो आणि मांदाडच्या आसपास चिखल, कांदळवन आणि भातखाचरे यांच्यात विरून जातो. त्या पाण्याकडे तोंड करून असलेल्या डोंगराच्या उतारावर कुडा लेणी आहेत. लहानमोठी सव्वीस लेणी, वरखाली दोन थरांत कोरलेली, आणि त्यांच्या आसपास पाण्याची टाकी. त्यांतल्या सहाव्या लेण्यातला जुना लेख मला विशेष आवडतो, कारण त्यात एक अख्खे कुटुंब हजर आहे. महाभोज, म्हणजे स्थानिक सत्ताधीश, मांदव खंदपालित याच्या पदरी असलेला लेखनिक शिवभूती, त्याचा धाकटा भाऊ शिवम, शिवमची पत्नी विजया आणि त्यांची मुले. लेणे शिवमचे, दगडातले मूर्तिकाम बायकोमुलांच्या नावे आणि खांब मुलींच्या नावे. सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता अशी त्या मुलींची नावेही तिथे कोरलेली आहेत. लेकींच्या वाट्याला खांब यावेत, याचे मला दर वेळी थोडे कौतुक वाटते.

बाकीच्या लेण्यांतले लेख वाचत गेले की गाव भरत जाते. सोमदेव नावाचा वैद्य आहे. मुगुदास नावाचा माळी आहे आणि त्याचा बापही माळीच असल्याची नोंद आहे. अयितिलु या ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला आहे, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह वेहमित आहे, आपल्या शिष्यांसह लेणे आणि टाके देणारी पदुमनिका ही भिक्खुणी आहे. आणि करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा, महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाड सह्याद्रीच्या पलीकडे, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. तिथल्या लोखंडवाल्याला खाडीकाठच्या या डोंगरात लेणे कोरून द्यावेसे वाटले, याचा अर्थ त्याचा माल, त्याची माणसे आणि बहुधा तो स्वतःही या किनाऱ्यावर नेहमी येत-जात असला पाहिजे.

येथे चैत्याला दाता आहे, टाक्याला दाता आहे, खांबालासुद्धा दाता आहे. ही सगळी मंडळी ज्या वाटेने चढून आली, त्या वाटेच्या कडेला मात्र कोणाचेही नाव नाही. मला लिहायचे आहे ते त्या वाटेविषयी आणि तिच्या कोकणभर पसरलेल्या भावंडांविषयी, ज्यांना, म्हणजे दगड रचून केलेल्या पायऱ्यांच्या वाटांना, आम्ही पाखाडी म्हणतो.

कुडा लेण्यांचा चढ मोठा नाही. आता वाहन पायथ्यापर्यंत जाते, त्यामुळे तो आणखीच लहान झाला आहे. तरीही मी सांगेन की शक्य असेल तर गाडी मांदाडलाच सोडावी आणि खाडीच्या काठापासून चालत यावे, म्हणजे ही जागा कोणी आणि का निवडली असेल ते पायांना कळते. खाडीच्या काठी पाय चिखलाच्या जमिनीवर असतात. नंतर खाचरांचे बांध लागतात, मग घरे, मग आंबा-काजू, आणि मग डोंगराचा काळा दगड. ग्रीक खलाशांसाठी पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये चौलनंतर मंदगोर नावाच्या बंदराचा उल्लेख येतो, आणि ते मांदाडच असावे असे काही अभ्यासक मानतात. ते असो वा नसो, गलबत आत आणायला भरतीची खाडी, माल उतरवायला सपाट काठ आणि पुराच्या पाण्यापासून, डासांपासून आणि बाजाराच्या गलक्यापासून हाताच्या अंतरावर उंच, कोरडा डोंगर, हे सगळे इथे एका नजरेत मावते. भिक्षूला गाव जवळही हवे असते आणि लांबही. सकाळी भिक्षापात्र घेऊन उतरता आले पाहिजे आणि ऊन तापायच्या आत परत चढता आले पाहिजे. म्हणजे ही वाट कोणा यात्रेकरूने वर्षातून एकदा चढायची वाट नव्हती. ती रोजची वाट होती, आणि रोजच्या वाटेला पायऱ्या लागतातच.

लेण्यांच्या थरांमध्ये आणि अंगणांसमोर खडकातच पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्यांच्यापाशी मी थोडा वेळ बसलो होतो. छिन्नीचे घाव अजून दिसतात. बोटभर रुंदीच्या, एकाच दिशेने तिरक्या गेलेल्या रेघा. त्या रेघांवरून खोदणारा कोणत्या बाजूला उभा राहून काम करीत होता याचा अंदाज येतो. पायरीच्या कडेला राखट शेवाळाचे वाळलेले पापुद्रे होते आणि त्यांच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग वरच्या टाक्याकडे चालली होती. टाक्यात पाणी होते. माघ महिना, चार महिने पाऊस नाही, आणि तरी पाणी. त्या मुंग्यांना टाक्याचा दाता कोण हे ठाऊक नव्हते, पण वाट ठाऊक होती.

खडकात खोदलेली पायरी आणि रचलेल्या दगडांची पाखाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. खोदलेली पायरी एकदा झाली की झाली. तिला पुन्हा हात लावावा लागत नाही. पाखाडी मात्र कधीच पुरी होत नाही. कोकणच्या किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उतारावर नुसते दगड मांडले तर पहिल्याच आषाढात ते खालच्या शेतात जाऊन पडतील. म्हणून पाखाडी बांधणे हे अर्धे दगडाचे काम असते आणि अर्धे पाण्याचे.

माझे गाव गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या दक्षिण अंगाला. धक्क्यापासून निघून वाड्यांमधून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, जाणारी आमची पाखाडी मी लहानपणापासून चढत आलो आहे, पण ती कशी रचली आहे ते नीट पाहिले फार उशिरा, एका पावसाळ्यानंतर तिचा मधला टप्पा सुटला आणि दुरुस्तीला उभे राहावे लागले तेव्हा. वरून पाहिले तर पायरीचा दगड वीतभर उंचीचा दिसतो. उचकटायला गेल्यावर कळते की त्याचे तोंड तेवढे लहान आहे, अंग मात्र हातभर आत, डोंगरात गेलेले आहे. लांब दगड आडवा न लावता लांबीने आत सारायचा, म्हणजे वरच्या पायरीचे वजन त्याच्या शेपटीवर येते आणि तो हलत नाही. दोन दगडांच्या मधल्या फटीत लहान चिपा ठोकून बसवायच्या. चुना नाही, माती नाही, काही नाही. मोठ्या दगडाला ज्यांनी चुकवले ते चिपेला चुकवू शकत नाहीत, असे आमच्याकडचे एक म्हातारे गवंडी काका म्हणाले होते. त्यांना म्हणायचे होते ते एवढेच, की पाखाडी पडते ती मोठ्या दगडामुळे नव्हे, निसटलेल्या लहान चिपेमुळे.

पाण्याची व्यवस्था याहून बारकाईची आहे. आमच्या पाखाडीच्या डाव्या हाताला गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची बुटकी भिंत, आहे आणि उजव्या हाताला चर, जो पुढे पऱ्याला, म्हणजे ओहोळाला, मिळतो. काही काही पायऱ्यांनंतर एक दगड बाकीच्यांसारखा सरळ नसतो. तो तिरका टाकलेला असतो आणि त्याची खालची कड किंचित उचललेली असते. अनोळखी माणूस त्याला ठेच लागून शिवी घालतो. त्या दगडाचे काम पाखाडीवरून धावणारे पाणी अडवून उजवीकडे चरात लोटणे हे आहे. उरलेले पाणी फटींतून खाली मुरते. पायरीचा माथाही सपाट नसतो, चराकडे थोडा कललेला असतो. म्हणजे मुसळधार पावसात पाखाडीवर पाणी असते पण ओढा नसतो. हे ज्याने पहिल्यांदा केले त्याला कोणी अभियंता म्हटले नाही, आणि त्याने कुठे नावही कोरले नाही.

पायऱ्यांच्या मापातही हिशेब आहे. आमच्याकडच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. चार आखूड आणि मग एक लांब, जिच्यावर दोन पावले टाकता येतात. ही हयगय नव्हे. डोईवर भारा घेतलेली बाई त्या लांब पायरीवर श्वास बदलते. गवताचा, कवळाचा, लाकडांचा भारा, भाताचा हारा, खाडीतून आलेल्या मासळीची टोपली, उन्हाळ्यात पाण्याचे हंडे हे सगळे या वाटेने वर-खाली झाले आहे आणि त्यातले बहुतेक बायकांच्या डोक्यावरून. चुंबळीवर वजन असले की मान खाली घालून पायरी पाहता येत नाही, पायालाच पायरी कळावी लागते. आमची आजी अंधारात कंदील न घेता उतरायची आणि कोणी काळजीने हटकले तर म्हणायची, “माझी पाखाडी माझ्या पायांना पाठ आहे, तुम्ही आपला कंदील सांभाळा.” वळणावर गडग्याचा माथा छातीच्या उंचीला मुद्दाम सपाट ठेवलेला आहे. तिथे पाठ लावून उभे राहिले की भारा दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय टेकवता येतो आणि पुन्हा डोक्यावर घेता येतो. आज तिथे लोक मोबाईलला रेंज येते म्हणून थांबतात.

माझे म्हणणे असे आहे की डोंगरातल्या जुन्या दगडी वाटा निसर्गशोभेसाठी झालेल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे शोभेच्या नजरेने पाहिले की त्यांच्यातली अक्कल दिसेनाशी होते. त्या ओझ्यासाठी झाल्या आणि पाण्याला तोंड देत टिकल्या. कुडाची वाटही त्याला अपवाद नसावी. भिक्षूंच्या अंगावर तीन चीवरे आणि हातात पात्र, हे खरे, पण लेणे कोरणाऱ्या पाथरवटांचे लोखंड, त्या लोखंडाला रोज धार लावणाऱ्या भात्याचा कोळसा, कोरणाऱ्यांचा शिधा हे सगळे कोणाच्या तरी डोक्यावरून वर गेले असणार. कऱ्हाडच्या महिकाने दान दिले तेव्हा त्याला हा खर्च डोळ्यांपुढे दिसत असेल. लोखंडवाला होता तो, छिन्न्या किती झिजतात हे त्याला कोणी सांगायला नको होते.

आता पावसाविषयी, कारण त्याच्याशिवाय लेण्यांचे आणि वाटेचे नाते कळत नाही. बौद्ध भिक्षूंनी वर्षावास एके ठिकाणी करावा असा नियम आहे. आषाढी पौर्णिमेनंतर बसायचे ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत. बाकीचे महिने चालायचे. हा नियम गंगेच्या खोऱ्यात ठरला, पण कोकणात तो कोणी न सांगता पाळावा लागतो. आषाढ-श्रावणात घाट निसरडे, ओढे चढलेले, समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देईपर्यंत आमच्या कोळी बांधवांच्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. व्यापारी अडकलेला, नावाडी अडकलेला, भिक्षू अडकलेला. अशा वेळी डोंगराच्या पोटात कोरडी खोली आणि दाराशी आपोआप भरणारे टाके असणे, याची किंमत त्या काळच्या सार्थवाहाला आपल्यापेक्षा जास्त कळत होती. विहार हा पावसाळ्याचा आणि वाट ही उरलेल्या आठ महिन्यांची, अशी ती वाटणी होती. दोघांपैकी एकही नसते तर दुसऱ्याचा उपयोग नव्हता.

म्हणूनच कान्हेरीला जाऊन आलेल्या माणसाने तिथली चैत्यगृहे पाहून परत फिरू नये. साष्टीच्या जंगलातला तो डोंगर म्हणजे शंभरावर लेण्यांची वस्ती, आणि एका लेण्यापासून दुसऱ्यापर्यंत, खालच्या ओढ्यापासून माथ्यापर्यंत खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी ती जोडलेली आहे. अवघड ठिकाणी हाताला आधार म्हणून खोबणीसुद्धा आहेत. सोपारा आणि कल्याण ही बंदरे जवळ, त्यामुळे दात्यांची कमतरता नव्हती. तिथल्या लेखांमध्ये लेणे, टाके, बसायची आसने यांच्या दानाबरोबर वाटेचेही दान नोंदलेले आहे. ते वाचून मला फार बरे वाटले. कोणाला तरी सुचले होते की देण्यासारखी गोष्ट मूर्तीच असते असे नाही.

कुडाच्या लेण्यांवरून पुढे धारेपर्यंत, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या कडेपर्यंत, जाणारी वाट ही गुराख्यांची आहे. तिला पायऱ्या नाहीत. वाळलेल्या गवतात मळलेली, कुठे दगडावरून, कुठे करवंदीच्या जाळीला वळसा घालून जाणारी. धायटीला लाल फुले आली होती. चढ उभा आहे आणि सावली कमी, त्यामुळे हा टप्पा सकाळीच उरकावा. धारेवर पोचल्यावर पश्चिमेला खाडीचे पाणी वळत वळत समुद्राकडे जाताना दिसते, आणि त्या पाण्याच्या मुखाशी जंजिरा आहे हे माहीत असले की नजर आपोआप ताणली जाते. पूर्वेला तळा गावाच्या बाजूचे डोंगर एकामागे एक उभे राहतात. त्यांच्याही मागे सह्याद्री, आणि त्याच्या पलीकडे देश, म्हणजे घाटावरचा मुलूख. लेणी पाहायला येणारे बहुतेक लोक इथवर येत नाहीत, आणि त्यात त्यांचे फारसे बिघडत नाही, कारण इथे पाहायला कोरलेले असे काही नाही. मला मात्र इथे उभे राहिल्यावर महिकाचा प्रवास एका रेषेत दिसतो. कुंभार्लीने उतरो की पारघाटाने, कऱ्हाडच्या माणसाला डोंगराच्या एका मोठ्या भिंतीवरून खाली यायचे होते, आणि नंतर अशाच लहान लहान धारा ओलांडत, एका खाडीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरत किनारा गाठायचा होता. कोकण नकाशावर चिंचोळे दिसते. पायी चालणाऱ्याला ते मुळीच चिंचोळे नाही.

अशा घाटवाटांपैकी सर्वांत नामांकित नाणेघाट. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळून तो चढायला लागतो आणि जुन्नरकडे निघतो. वरच्या टप्प्यात मोठमोठ्या दगडांची फरसबंदी आहे, वाटेत पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि घाटमाथ्याच्या तोंडाशी ते प्रसिद्ध लेणे, ज्यात सातवाहन राणी नागनिकेचा यज्ञांतल्या दानांची मोजदाद करणारा लेख आहे आणि राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची पावले तेवढी उरली आहेत. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरेने सांगतात. पलीकडे जुन्नरच्या भोवतालचे डोंगर विहारांनी पोखरलेले आहेत आणि अलीकडे, खाली, कल्याण आणि कान्हेरी. म्हणजे त्या चढाला वर विहार आहेत, खाली विहार आहेत आणि मधे दगडांची वाट आहे. नाणेघाटाविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. एवढेच नोंदवतो की तिथे राजघराण्याने स्वतःची नावे आणि दाने इतकी तपशीलवार लिहिली, पण ती फरसबंदी ज्यांनी केली त्यांचा त्यात पत्ता नाही.

नागनिकेच्या नंतर पुढे कितीतरी शतके या वाटांवर बैलांचे तांडे आणि हेलकरी चालत राहिले. हेलकरी म्हणजे पाठीवर आणि डोक्यावर ओझी घेऊन घाट चढणारी माणसे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर आणि ज्वारी, गूळ, मिरची खाली. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, नंतर एकेक करून इतर घाटांत रस्ते झाले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि हेलकऱ्यांच्या वाटा गवताखाली गेल्या. यात हळहळण्यासारखे फारसे नाही. पाठीवर मिठाचे पोते घेऊन घाट चढलेल्या माणसाला विचारले असते तर त्याने आनंदाने गाडी पत्करली असती.

गावातल्या पाखाड्यांविषयीही मी तेच म्हणेन. ज्यांना पाखाडी फार रम्य वाटते त्यांनी बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला डोलीतून रात्री खाली आणताना पाहिलेले नसते. आमच्या वरच्या वाडीला रस्ता पोचला तेव्हा सर्वांत जास्त आनंद ज्या बायकांना झाला त्या रोज ही पाखाडी चढणाऱ्याच होत्या. रस्ता हवा. त्याविषयी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो रस्ता झाल्यानंतर पाखाडीचे काय करायचे याविषयी, कारण ती गावाच्या जगण्यातून गेलेली नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी रस्त्याने फिरत नाही, ती पाखाडीनेच घरोघर जाते. कोणाच्या खळ्यात आधी, कोणाच्या नंतर, हा मान त्याच वाटेवर ठरलेला आहे आणि तो बदलायचा म्हटले तर गावकीच्या बैठकीत रात्र सरते. गणपतीच्या आधी वाडीतले लोक कोयते घेऊन वाढलेले गवत कापतात, सुटलेले दगड बसवतात, शेवाळ खरवडून काढतात, कारण मूर्ती डोक्यावर घेऊन येणाऱ्या माणसाचा पाय घसरून चालत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानीही त्या कामाला लागतात. पहिल्या दिवशी त्यांच्या तळहातांना फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी ते सल्ले देऊ लागतात.

सल्ला बहुतेक वेळा एकच असतो : सिमेंट टाकून टाकू, म्हणजे दर वर्षीची कटकट मिटेल. शेजारच्या गावात हे झाले. जुने दगड काढून बाजूला टाकले आणि त्यावर ठरावीक मापाच्या, गुळगुळीत पायऱ्या ओतल्या. पहिली दोन वर्षे छान दिसल्या. मग कळले की पाणी फटींतून मुरणे बंद झाल्यामुळे ते सगळे वरून धावते आणि कडेने माती नेते. पायऱ्यांच्या खाली पोकळी झाली आणि कड तुटायला लागली. सिमेंटवर धरलेले शेवाळ दगडावरच्या शेवाळापेक्षा जास्त निसरडे असते, हे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सगळ्यांत आधी ओळखले. शिवाय एकाच मापाच्या पायऱ्या चढणाऱ्याला शिणवतात. श्वास बदलायला लांब पायरी नाही, ओझे टेकवायला गडगा नाही. आणि हे काम ज्यांनी केले त्यांनी खाली संगमरवरी पाटी मात्र लावली आहे, नावांसकट.

आमच्याकडे याच मुद्द्यावर गेल्या दिवाळीत गावकीची बैठक झाली. तरुण मुले सिमेंटच्या बाजूने होती आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांना दर वर्षी सुट्टी काढून यावे लागते. मी कान्हेरी आणि कुडाचे दाखले द्यायला सुरुवात केली तेव्हा एका वहिनींनी मला मधेच थांबवले. “भावोजी, ते लेण्याचं राहू दे. माझ्या सासूबाईंना देवळात जायचंय, त्यांना धरायला काही नाही. त्याचं बोला.” त्यांचे म्हणणे इतके सरळ होते की माझे पुढचे भाषण तिथेच संपले.

शेवटी ठरले ते असे. सुटलेला टप्पा पूर्ण उकरायचा, दगड क्रमाने मांडून ठेवायचे आणि जुन्याच पद्धतीने, चिपा ठोकून पुन्हा रचायचे. त्यासाठी ते म्हातारे गवंडी काका आले. त्यांना आता दगड उचलवत नाही, म्हणून ते गडग्यावर बसून कोणता दगड कुठे हे काठीने दाखवीत होते. पाणी वळवणारे तिरके दगड पूर्वी होते त्याच जागी टाकले. त्यातल्या एकावर पांढरा रंग दिला, म्हणजे नवख्याला ठेच लागू नये. आणि गडग्याच्या बाजूने देवळापर्यंत लोखंडी नळीचा कठडा बसवला. जुन्या चिऱ्यांशेजारी तो गॅल्व्हनाइज्ड नळीचा कठडा अगदी विशोभित दिसतो, फोटो काढणारे तो चौकटीतून वगळतात. मला तो खटकत नाही. त्याचा खर्च मुंबई मंडळाने दिला आणि पाटी लावायची नाही असे ठरले, पण एका चाकरमान्याने नळीच्या टोकाला ओल्या सिमेंटमध्ये बोटाने आपल्या लेकीचे नाव लिहून ठेवलेच. ते कोणी पुसले नाही.